डिंक, राळ की लाख? घरच्या घरी लाकडाचे वॉर्निश करण्यापूर्वी

धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा अंगणातल्या कडुलिंबाला डिंकाचे खडे धरले की वाचक हमखास विचारतात : हा डिंक स्पिरिटमध्ये विरघळवून घरच्या पाट-चौरंगाला वॉर्निश म्हणून लावता येईल का? वर्धा जिल्ह्यातले वाचक आणखी दोन गोष्टी विचारतात. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, मग पॉलिशचे स्पिरिट आणायचे कसे? आणि पळसावरची लाख किंवा सालईचा डिंक जंगलातून आणला तर गुन्हा होतो का?

थोडक्यात उत्तरे अशी :

- बाभूळ, कडुलिंब, धावडा यांचा डिंक वॉर्निशच्या कामाचा नाही.
- घरातल्या लाकडासाठी लाख सर्वांत भरवशाची. ती स्पिरिटमध्ये विरघळते, तशीच टाकणखाराच्या गरम पाण्यातही विरघळते. त्यामुळे स्पिरिटवाचून काम होऊ शकते.
- दारे, खिडक्या, बैलगाडी अशा उन्हापावसातल्या लाकडाला जवसाच्या तेलाचे रोगण बरे.
- जंगलातून काहीही आणण्यापूर्वी ती जमीन कोणत्या प्रकारची आहे आणि त्यावर तुमच्या गावाचा हक्क मंजूर आहे का, हे पाहावे लागते.

आता एकेक गोष्ट सविस्तर पाहू.

आधी हातात काय आहे ते ओळखा

झाडातून पाझरून वाळलेले सगळेच दिसायला सारखे असते, पण कामाच्या दृष्टीने त्याचे चार प्रकार पडतात.

- डिंक : बाभूळ, कडुलिंब, धावडा, खैर, आंबा यांचा. हा पाण्यात फुगतो, विरघळतो. लाडवात आणि कागद चिकटवायला उत्तम. लाकडावर लावला तर पहिल्याच ओल्या फडक्याने निघून येतो. स्पिरिटमध्ये तो विरघळत नाही, तळाशी खडे तसेच राहतात.
- राळ : चीड म्हणजे पाइनच्या झाडाची किंवा सालवृक्षाची. पाण्यात विरघळत नाही. स्पिरिटमध्ये, टर्पेंटाइनमध्ये विरघळते. ही झाडे आपल्या भागात नाहीत, त्यामुळे राळ पूजासाहित्याच्या किंवा काष्ठौषधींच्या दुकानातूनच घ्यावी लागते. धुपासाठी विकला जाणारा चंद्रसही याच वर्गातला, पण त्या नावाखाली वेगवेगळ्या झाडांची राळ मिळते. म्हणून नमुना तपासल्याशिवाय जास्त घेऊ नका.
- सालईचा डिंक : याला डिंक म्हणतात खरे, पण यात राळ, डिंक आणि उडून जाणारे सुगंधी तेल अशा तिन्ही गोष्टी असतात. निम्म्याहून जास्त भाग राळेचा असतो आणि साधारण पाचवा हिस्सा पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा.
- लाख : ही झाडाची नव्हे, तर झाडाचा रस पिऊन जगणाऱ्या बारीक किड्यांनी स्वतःभोवती केलेली राळ. पळस, बोर आणि कुसुम ही या किड्यांची मुख्य झाडे.

पळसाच्या बाबतीत विशेष गोंधळ होतो, कारण त्याच्यापासून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. सालीला चीर पडली की लालभडक डिंक येतो. बाळंतिणीच्या औषधात कमरकस म्हणून तो वापरतात, पण वॉर्निशसाठी त्याचा उपयोग नाही. बारीक फांद्यांवर खरखरीत, तपकिरी-लालसर कवच धरते ती लाख. आपल्याला हवी ती हीच.

खात्री करण्याची सोपी चाचणी

वाटाण्याएवढे दोन तुकडे घ्या. एक काचेच्या पेल्यात पाण्यात टाका, दुसरा थोड्या स्पिरिटमध्ये. रात्रभर झाकून ठेवा.

- पाण्यात फुगला किंवा विरघळला, स्पिरिटमध्ये तसाच राहिला : डिंक. बाजूला ठेवा.
- पाण्यात तसाच, स्पिरिटमध्ये विरघळला : राळ किंवा लाख.
- पाणी दुधासारखे पांढुरके झाले आणि स्पिरिटमध्ये अर्धवट विरघळून गाळ उरला : सालई.

राळ आणि लाख यांतला फरक टर्पेंटाइनमध्ये कळतो. राळ त्यात विरघळते, लाख विरघळत नाही. बाजारातल्या चपड्यात (लाखेच्या पातळ पापुद्र्यांत) स्वस्त राळेची भेसळ असेल, तर हीच चाचणी कामी येते. चपड्याची पूड टर्पेंटाइनमध्ये रात्रभर ठेवा आणि वरच्या द्रवाचा थेंब काचेवर वाळू द्या. चिकट, पिवळा डाग उरला तर राळ मिसळलेली आहे.

वस्तू कुठे राहणार, यावरून कृती निवडा

- पाट, चौरंग, पाळणा, कपाट, तसबिरीची चौकट, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल : लाख. चकाकी आणि सागाचा रंग दोन्ही छान उठतात.
- देव्हारा : लाख चालते, पण समई-निरांजन ठेवण्याच्या जागी धातूचे ताट ठेवा. उष्णतेने लाख मऊ पडते.
- जेवणाचे टेबल : लाखेवर गरम कपाचे पांढरे वळ उठतात. वर कापड नेहमी अंथरलेले राहणार असेल तरच लाख लावा.
- बाहेरचे दार, खिडकी, बैलगाडी, शेतीची अवजारे : जवसाचे तेल किंवा जवस आणि राळेचे रोगण.
- पोळपाट, लाटणे, काठवट : वॉर्निश लावूच नका. खाण्याच्या जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो. तो पूर्ण सुकेपर्यंत वस्तू वापरू नका.
- स्नानघर, मोरी : यांपैकी काहीच टिकणार नाही.

कृती पहिली : लाख आणि स्पिरिट

सुतार ज्याला चपडी पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतात, ते हेच.

बाजारात लाख तीन रूपांत मिळते. फांद्यांवरून काढलेली काडी लाख, कुटून-धुऊन केलेली दाणा लाख आणि वितळवून पातळ पापुद्रे केलेला चपडा. नवशिक्यांनी चपडा घ्यावा. तुमच्याकडे पळसावरची काडी लाख असेल, तर आधी ती साफ करा :

1. काड्यांवरून लाख सोलून घ्या, जाडसर कुटा, चाळा.
2. रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी हाताने चोळून धुवा. लाल पाणी निघेल, तो लाखेचा रंग. पाणी फिके होईपर्यंत धुवा.
3. सावलीत पसरून वाळवा. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात लाख मऊ होऊन तिचा गोळा होतो, त्यामुळे ऊन टाळा.

प्रमाण :

- ब्रशने लावायचे असेल तर २५० मिलीलिटर स्पिरिटला ६० ग्रॅम लाख.
- पहिल्या, लाकडात मुरणाऱ्या हातासाठी याच्यात तेवढेच स्पिरिट आणखी घालून पातळ करा.

कृती :

1. चपडा जाडसर कुटा. काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत स्पिरिट ओतून त्यात घाला. लोखंडी डबा नको. लोखंडामुळे लाख काळवंडते.
2. झाकण लावून ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा हलवा. एक-दोन दिवसांत विरघळते. विस्तवावर कधीही गरम करू नका.
3. जुन्या मलमलीतून दोनदा गाळा. तळाशी पांढरट मेण बसले तर वरचा निवळ भाग वेगळा काढा. तो जास्त पारदर्शक दिसतो.
4. बरणीवर तारीख घाला. सहा महिन्यांपेक्षा जुने द्रावण वापरण्यापूर्वी काचेवर थेंब वाळवून पाहा. दुसऱ्या दिवशीही नख रुतत असेल तर ते टाकून द्या. अशा द्रावणाचा लेप वाळत नाही आणि नंतर तो खरवडून काढण्यातच दिवस जातो.

स्पिरिट आणि दारूबंदी

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. पॉलिशचे स्पिरिट पिण्याचे नव्हे, मग त्याच्याशी कायद्याचा काय संबंध, असे वाचकांना वाटते. पण संबंध आहे आणि तो राज्यभर आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये विकृत केलेल्या स्पिरिटपासून बनवलेल्या पदार्थांची व्याख्या आहे आणि त्यात फ्रेंच पॉलिश व वॉर्निश यांचा नावानिशी उल्लेख आहे. दारू मिळेनाशी झाली की लोक पॉलिश पितात आणि मरतात किंवा आंधळे होतात, ही त्यामागची चिंता आहे.

म्हणून :

- स्पिरिट परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पक्के बिल जपून ठेवा.
- घरी किती ठेवता येते आणि त्यापेक्षा जास्त लागले तर कोणता परवाना हवा, हे वर्ध्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात आधी विचारा. नागपूर-अमरावतीहून आणणार असाल तर वाहतुकीबद्दलही विचारा.
- कामापुरतेच आणा. पाण्याच्या, शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नका. बरणीवर ठळक अक्षरांत 'विष' लिहा.
- स्पिरिटचे वॉर्निश करून विकायचा विचार असेल तर परवान्याशिवाय एक बाटलीही विकू नका.

हा व्याप नको असेल तर पुढची कृती तुमच्यासाठी आहे.

कृती दुसरी : लाख आणि टाकणखार

लाख नुसत्या पाण्यात विरघळत नाही, पण तिचा गुणधर्म आम्लाचा असल्याने सौम्य क्षाराच्या गरम पाण्यात ती विरघळते. टाकणखार किराणा दुकानात किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. या द्रावणात स्पिरिट नाही, त्यामुळे वर सांगितलेली कायद्याची भानगड नाही आणि पेट घेण्याची भीतीही नाही.

प्रमाण : पाणी ५०० मिलीलिटर, धुतलेली दाणा लाख किंवा चपडा ६० ग्रॅम, टाकणखार १५ ग्रॅम.

1. स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि टाकणखार घाला. हे पातेले उकळत्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा.
2. टाकणखार विरघळला की कुटलेली लाख थोडी थोडी घाला, लाकडी काडीने ढवळत राहा. अर्धा-पाऊण तासात लाख विरघळते. पातेल्यातले पाणी खळाखळा उकळू देऊ नका, नाहीतर लाखेचे गोळे तळाला चिकटतात.
3. थंड झाल्यावर वर मेणाची साय धरते, ती काढा. मलमलीतून गाळा.
4. काचेच्या बाटलीत भरा आणि काही आठवड्यांत संपवा. जास्त ठेवले तर लेप कमजोर होतो.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, क्षारामुळे लाखेतला उरलेला रंग जांभळा होतो. म्हणून कच्ची लाख वापरताना ती अगदी स्वच्छ धुतलेली हवी, किंवा फिका चपडा घ्या. दुसरी, पाण्यामुळे लाकडाचे रोम उभे राहतात. लाकूड आधी ओल्या फडक्याने पुसून वाळवा, बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि मगच पहिला हात मारा. तिसरी, हा लेप पाण्यापुढे स्पिरिटच्या लेपाइतका टिकत नाही. वरून मेणाचा किंवा जवसाच्या तेलाचा एक पातळ हात दिला तर फरक पडतो.

यासाठीची भांडी आणि गाळणी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. टाकणखार पोटात जाणे चांगले नाही. त्यामुळे लहान मुले तोंडात घालतील अशा खेळण्यांनाही हे लावू नका.

कृती तिसरी : राळ, टर्पेंटाइन आणि जवसाचे तेल

जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि त्याची चिवट कातडी बनते. खोबरेल, शेंगदाणा, तीळ, मोहरी यांची तेले अशी वाळत नाहीत. ती लावलेले लाकूड तेलकट राहते आणि धूळ धरते. करडईचे तेल वाळते, पण फार सावकाश.

विदर्भात जवस पूर्वीपासून पिकते. तेलघाणीशी तर वर्ध्याचे नाते विशेष आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे स्थापन झाला. संघाचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांच्या काळात वर्ध्यातल्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी बैलघाणीत सुधारणा केली आणि ती 'वर्धा घाणी' म्हणून देशभर ओळखली गेली. घाणीचे शुद्ध जवस तेल मिळवा. त्यात दुसऱ्या न वाळणाऱ्या तेलाची भेसळ असेल तर सगळी मेहनत वाया जाते.

कच्चे तेल सुकायला आठवडा किंवा त्याहून जास्त घेते. रंगाच्या दुकानातले 'बॉइल्ड' जवस तेल लवकर सुकते, पण त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ते खाण्याच्या भांड्यांना चालत नाही. आपल्याकडे तिसरा मार्ग आहे आणि तो फुकट आहे. तो म्हणजे उन्हाळ्याचे ऊन.

उन्हात तेल मुरवणे

1. तेल बाटलीत घ्या, त्यात तेवढेच मिठाचे पाणी घालून जोरात हलवा, एक दिवस ठेवा. तळाचा पांढरट गाळ आणि पाणी टाका, तेल वेगळे काढा. असे दोन-तीनदा करा.
2. एप्रिल-मे महिन्यात काचेच्या पसरट भांड्यात बोटाच्या एका पेराइतके तेल ओता. वर काच ठेवा, पण मध्ये काड्या घालून हवेला वाट ठेवा.
3. रोज ढवळा, नाहीतर वर साय धरते. काही आठवड्यांत तेल फिके होते आणि मधासारखे दाट होते. असे तेल कच्च्या तेलापेक्षा बरेच लवकर वाळते.

रोगणाचे प्रमाण

- राळेची पूड १०० ग्रॅम, अस्सल टर्पेंटाइन २०० मिलीलिटर. झाकणाच्या बरणीत घालून दोन-तीन दिवस हलवत राहा. विस्तव नको. विरघळली की गाळा.
- यात उन्हात मुरवलेले तेल मिसळा : घरातल्या लाकडासाठी १०० मिलीलिटर, बाहेरच्यासाठी २०० मिलीलिटर.

राळ जास्त झाली की चकाकी वाढते, पण लेप ठिसूळ होतो आणि पाणी लागले की पांढरा पडतो. बाहेरच्या दाराला राळ न घालता नुसत्या मुरवलेल्या तेलात थोडे टर्पेंटाइन घालून तीन-चार पातळ हात दिले तरी चालतात, आणि बहुतेक वेळा तेच जास्त टिकते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक हात द्यावा लागेल, हे गृहीत धरा.

जुन्या पुस्तकांत तेल लवकर वाळावे म्हणून त्यात मुरदाडशिंग किंवा शेंदूर घालून कढवण्याची कृती सापडते. ती करू नका. दोन्हींत शिसे असते. शिशाचा धूर आणि नंतर सुटणारी भुकटी लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण १० लाख भागांत ९० भागांच्या वर नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला, तो याच कारणाने.

सालईचे काय करता येईल?

आष्टी, कारंजा (घाडगे), सेलू या तालुक्यांच्या डोंगराळ भागात सालई आहे आणि तिच्याबद्दल वाचकांना फार उत्सुकता असते. सालईचा डिंक कोमट पाण्यात कालवला की डिंकाचा भाग पाण्यात जातो आणि चिकट राळ उरते. ती चांगली वाळवून टर्पेंटाइनमध्ये विरघळवता येते. पण एकट्या सालईचा लेप मऊ राहतो, उन्हाळ्यात बोटाला चिकटतो. तिचा चांगला उपयोग म्हणजे लाखेच्या स्पिरिट द्रावणात लाखेच्या दहाव्या हिश्श्याइतकी सालईची राळ मिसळणे. त्याने ठिसूळपणा कमी होतो. हे आधी टाकाऊ फळीवर करून पाहा.

सालईबरोबर बिब्याचाही विषय निघतो, पण त्याच्या वाटेला जाऊ नका. बिब्याच्या तेलाने लाकडाला कीड लागत नाही, असे सांगणारे भेटतात. पण बिबा उतला की अंगावर फोड येतात, सूज चढते. त्याच्या धुरानेही त्रास होतो. ज्या वस्तूला रोज हात लागणार तिला बिबा लावणे धोक्याचे आहे.

लाकडाची तयारी आणि हात मारणे

वॉर्निश कितीही चांगले झाले तरी तयारीत कुचराई केली तर दोष वर दिसतोच.

1. जुना रंग, मेण, तेल पूर्ण काढा. खिळ्यांची भोके लाकडाचा भुसा आणि लाख यांच्या लगद्याने भरा.
2. पॉलिश पेपर आधी १२० नंबरचा, मग १८०, मग २२०. नेहमी रेषांच्या दिशेने घासा.
3. सागात मूळचे तेल असते. स्पिरिटच्या किंवा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्या, मग हात मारा.
4. बांबूच्या वस्तूंवरची गुळगुळीत पाठ हलकी खरवडा. तिच्यावर लेप धरत नाही.
5. पहिला हात पातळ. लाखेचा असेल तर दोन तासांनी, तेलाचा असेल तर पूर्ण सुकल्यावर, ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवा आणि धूळ पुसा.
6. लाखेचे तीन ते पाच हात. ब्रश एकदा फिरला की त्याच जागी पुन्हा फिरवू नका, स्पिरिट उडून गेल्यावर ओरखडे राहतात.
7. आरशासारखी चकाकी हवी असेल तर कापसाची पोटली सुती कापडात बांधा. पातळ लाखेत बुडवून, तिच्यावर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब घेऊन गोल गोल फिरवत राहा. पोटली लाकडावर थांबवायची नाही.
8. आठवडाभर वस्तूवर जड काही ठेवू नका.

हंगाम कोणता?

दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ लाखेला सर्वांत चांगला. पावसाळ्यात हवेतली ओल लेपात अडकते आणि पांढरी धुरकट छटा येते. मे महिन्यात भर दुपारी स्पिरिट इतके झपाट्याने उडते की लेप सारखा पसरत नाही. तेव्हा सकाळी लवकर काम उरका. जवसाच्या तेलाला मात्र उन्हाळाच हवा.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल करणाऱ्यांनी हे विशेष पाहावे. सिंदी (रेल्वे) येथला तान्हा पोळा तर मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी प्रसिद्ध आहे. पोळा येतो श्रावण अमावास्येला, म्हणजे ऐन ओलीत. बैलाला लाख द्यायची तर ती पावसाळा लागण्याआधीच द्या. आदल्या आठवड्यात दिलेली लाख धुरकट होण्याची भीती जास्त.

दोष आणि उपाय

- पांढरी छटा : कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा फवारा किंवा ओलसर पोटली हलकी फिरवा. लेप पुन्हा मऊ होऊन निवळतो.
- चिकटपणा जात नाही : लाख जुनी, किंवा तेलाचा हात जाड. जुनी लाख स्पिरिटने पुसून काढा. तेल टर्पेंटाइनच्या फडक्याने काढून पातळ हात द्या.
- खिळ्यांभोवती काळे डाग : लोखंड. पितळी खिळे वापरा किंवा डोकी आत दाबून लगद्याने बुजवा.
- लेप तडकला : हात जाड झाला किंवा राळ जास्त झाली.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

- स्पिरिट आणि टर्पेंटाइन वापरताना त्या खोलीत गॅस, समई, उदबत्ती, विडी काहीही पेटलेले नको. स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही.
- जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि बोळ्यात ती कोंडून फडके आपोआप पेट घेऊ शकते. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा धोका अधिक. फडकी मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. मग टाका.
- राळ किंवा तेल चुलीवर कढवण्याची कृती घरी करू नका. गरम राळ उतू जाऊन क्षणात पेटते.
- स्पिरिट कुणाच्या पोटात गेले तर लक्षणांची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि रुग्णालयात न्या.

जंगलातून आणायचे असेल तर : कायदा आणि हक्क

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वनोपजाची व्याख्या आहे. त्यात राळ, नैसर्गिक वॉर्निश, साल आणि लाख यांची नावे आहेत, आणि ती जंगलात मिळाली असोत वा नसोत, ती वनोपजच. तेव्हा 'झाडावरून गळून पडले होते' हा बचाव पुरेसा नाही.

- राखीव वन : विनापरवाना झाडाला चीर देणे, साल काढणे, वनोपज नेणे हा गुन्हा आहे.
- बोर व्याघ्र प्रकल्प : बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. गोळा करण्याच्या हेतूने आत जाऊ नका.
- स्वतःच्या शेतातला पळस, बोर : यावर लाख वाढवणे हा सर्वांत सरळ मार्ग. पळसावर बीज लाखेच्या (जिवंत किडे असलेल्या लाखेच्या) काड्या जून-जुलैत बांधल्या तर पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांधल्या तर पुढच्या जून-जुलैत, पण आपल्या कडक उन्हाळ्यात यातले बरेच किडे मरतात. माल गावाबाहेर नेण्यापूर्वी वाहतूक परवाना लागतो का, हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना विचारा.

वनहक्क कायदा, २००६ तुमच्या बाजूने आहे, हेही नीट समजून घ्या. परंपरेने गोळा केले जाणारे गौण वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे यांचा हक्क वनवासी अनुसूचित जमातींना व इतर पारंपरिक वननिवासींना हा कायदा देतो. लाखेचे नाव त्याच्या व्याख्येतच आहे.

1. इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.
2. सामूहिक हक्कासाठी ग्रामसभेकडे 'नमुना ब' आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी 'नमुना क' भरावा लागतो.
3. ग्रामसभेचा ठराव उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे, तिचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते.
4. हक्क मिळाल्यावर गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देऊ शकते. २०१२ च्या नियमांत तशी तरतूद आहे.

हक्क मिळाला तरी झाड जपण्याची जबाबदारी संपत नाही. खोल, एकावर एक चिरा दिल्या की सालई वाळते. लाख काढताना सगळ्या फांद्या छाटल्या की पुढच्या हंगामाला बीज उरत नाही.

विकत घेताना आणि विकताना

- बिल मागा. चपड्यात किंवा जवसाच्या तेलात भेसळ निघाली तर माल आणि बिल दोन्ही जपून ठेवा, दुकानदाराला लेखी कळवा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे.
- टाकणखाराचे किंवा तेलाचे रोगण बाटलीत भरून विकायचे असेल तर वेष्टनावर मालाचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, कमाल विक्री किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीचा संपर्क छापावा लागतो.
- बचतगट म्हणून हे काम उभे करायचे असेल तर मगनवाडीतील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आणि दत्तपूरचे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र या दोन्ही ठिकाणी मार्गदर्शनाची चौकशी करा.

सुरुवात अशी करा

पहिल्याच दिवशी आजीच्या सागवानी पेटीला हात घालू नका. सुताराकडून त्याच जातीच्या लाकडाचे तीन तुकडे आणा. एकावर स्पिरिटची लाख, दुसऱ्यावर टाकणखाराची लाख, तिसऱ्यावर जवसाचे रोगण द्या. आठवड्याने प्रत्येकावर पाण्याचा थेंब अर्धा तास ठेवा, गरम कप टेकवा, नखाने ओरखडा. तुमच्या घरात ती वस्तू जे सोसणार आहे, ते ज्या तुकड्याने सोसले तेच वॉर्निश तुमचे. एवढी परीक्षा झाल्यावर लागेल तितकाच माल घ्या आणि उरलेले पळसाचे, सालईचे धन झाडावरच राहू द्या. पुढच्या वर्षी पुन्हा लागणार आहे.